बेळगाव-निपाणीकडच्या छोट्या ऑफिसात हिशेबाचे कॉम्प्युटर कसे मांडावेत आणि नेटचं बिल कसं आवरावं

२००२ साली मी बेळगावात रविवार पेठेतल्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे हिशेब लिहायला लागले. दुकानात कॉम्प्युटर एक, फोन एक. नेट लावायचं तर मोडेम आधी अर्धा मिनिट किर्र-खर्र करायचा, आणि तो जोडलेला असेपर्यंत गिऱ्हाइकांना आमचा फोन एंगेज लागायचा. दर तीन मिनिटांना एका कॉलचे पैसे पडायचे, वर इंटरनेटच्या तासांचे पैसे वेगळे. मोडेमवर लिहिलेलं छप्पन्न के, म्हणजे सेकंदाला छप्पन्न किलोबिट. आमच्या लाइनवर एक एमबी उतरायला तीनेक मिनिटं जायची. म्हणजे एक एमबी, एक कॉल. एका शनिवारी मी मेल बघून घरी गेले आणि लाइन तोडायची विसरले. सोमवारी दुकान उघडलं तेव्हा ती तशीच जोडलेली. शेटजी काही बोलले नाहीत. महिन्याचं बिल आलं तेव्हा त्यांनी ते माझ्या टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवलं आणि वर्षभर काढलं नाही.

तेव्हापासून एक सवय लागली ती लागलीच: आधी सगळं नेटशिवाय तयार करायचं, मग जोडायचं, पाठवायचं, तोडायचं. डायल-अप गेलं. पण आज निपाणी, खानापूर, संकेश्वरकडून नवीन ऑफिस काढणारी पोरं विचारायला येतात, त्यांचं दुखणं तेच आहे: "ताई, रोजचा दीड जीबी दुपारी बारालाच संपतोय." कुठं संपतो ते पुढे सांगते. आधी मांडणी.

१. खरेदीआधी एक कागद घ्या

दुकानदार तुम्हाला कॉम्प्युटर विकायला बसलाय, त्यामुळं आकडा तुम्ही ठरवून जा. बिलं कोण करणार, खरेदी आणि बँक कोण टाकणार, मालक फक्त बघणार की स्वतः एंट्री करणार? महिन्याला तीन-चारशे बिलं होणाऱ्या दुकानाला एक चांगलं मशीन आणि एक माणूस पुरतो. दोघं एकाच वेळी एंट्री करणार असतील तरच दुसरं मशीन घ्या. "पुढंमागं लागेल" म्हणून घेतलेला तिसरा कॉम्प्युटर मी बहुतेक ठिकाणी पत्ते खेळण्यासाठी वापरात असलेला पाहिलाय.

ही कागदपत्रं एका फाइलमध्ये जमवून ठेवा, सारखी लागतात:

- मालकाचं पॅन आणि आधार. भागीदारी असेल तर फर्मचं पॅन आणि भागीदारीपत्र
- जीएसटी नोंदणीचा दाखला
- जागेचा पुरावा: भाडेकरार आणि हेस्कॉमचं, म्हणजे विजेचं बिल (नेटच्या जोडणीलाही हेच मागतात)
- महापालिकेचा, नगरपालिकेचा किंवा पंचायतीचा व्यवसाय परवाना
- बँकेचं चालू वर्षाचं स्टेटमेंट
- सुरुवातीची शिल्लक: मागच्या वर्षाचा ताळेबंद, येणेकरी-देणेकरी यादी, मालाची यादी
- कंपनी किंवा एलएलपी असेल तर डिजिटल सहीचं टोकन

हेस्कॉमचं बिल घरमालकाच्या नावावर आणि भाडेकरार त्याच्या मुलाच्या नावावर, असं आपल्याकडं सर्रास असतं. अर्ज तिथंच अडकतो. घरमालकाचं संमतिपत्र आधीच घेऊन ठेवा.

२. करंटचं काम आधी, कॉम्प्युटर नंतर

आपल्याकडं एप्रिल-मे महिन्यांत वळीव आला की आधी वीज कडाडते आणि मग करंट जातो. खानापूरकडं तर पावसाळ्यात फांदी पडली की लाइन किती वेळ येणार नाही याचा भरवसा नसतो. म्हणून पहिला खर्च अर्थिंगचा. जुन्या वाड्यातल्या किंवा गल्लीतल्या दुकानांत तीन पिनांचं सॉकेट दिसतं खरं, पण तिसऱ्या भोकामागं वायरच नसते. वायरमनला मल्टिमीटर घेऊन बोलवा. फेज आणि अर्थमध्ये २३०च्या आसपास व्होल्ट दिसले पाहिजेत, न्यूट्रल आणि अर्थमध्ये तीनच्या आत. तीनच्या वर असेल तर अर्थिंग नीट करून घ्या. तोवर मशीन लावू नका.

प्रत्येक कॉम्प्युटरला ६०० व्हीएचा साधा यूपीएस पुरतो. त्यातल्या लहान बॅटरीवर दहा-पंधरा मिनिटं मिळतात. ती मिनिटं टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) बंद करून मशीन नीट बंद करण्यासाठी आहेत, उरलेली बिलं उरकण्यासाठी नाहीत. राउटर आणि स्विच (मशीन केबलनं एकमेकांना जोडणारा डबा) मात्र यूपीएसवर जरूर ठेवा. फार कमी वीज खातात, आणि दुसऱ्या मशीनवर कोणी एंट्री करत असेल तर मधला स्विच बंद पडायला नको.

इथं तीन चुका नेहमी होतात. घरातल्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर जोडला जातो. तो बॅटरीवर यायला क्षणभर जास्त घेतो आणि तेवढ्यात मशीन रीस्टार्ट होतं. इन्व्हर्टरला यूपीएस मोडचं बटण असेल तर ते आधी दाबून बघा. दुसरी, लेसर प्रिंटर यूपीएसला लावला जातो. गरम होताना तो एवढा करंट ओढतो की यूपीएस ओरडून बंद पडतो आणि सोबत कॉम्प्युटरही. प्रिंटर थेट भिंतीला. तिसरी, विजा होत असताना फक्त बटण बंद केलं जातं. प्लग उपसून काढा, राउटरच्या अडॅप्टरसकट. जुनी तांब्याची फोन लाइन असेल तर तीही.

३. मशीन

हिशेबाला महाग मशीन लागत नाही. आठ जीबी रॅम आणि २५६ किंवा ५१२ जीबीची एसएसडी (साठवणीची वेगवान डिस्क) एवढं बघा. प्रोसेसर मधला चालतो. जुनी हार्ड डिस्क असलेलं स्वस्तातलं मशीन घेऊ नका, चार पैसे त्याच एसएसडीत घाला. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा सेकंडहँड घेताना विंडोज ११ त्यावर रीतसर चालतं का, हे तिथंच चालवून बघा.

अडत दुकान किंवा ट्रान्सपोर्टवाल्यांना कार्बनच्या तीन प्रती लागत असतील तर डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच घ्या. आवाज करतो, पण रिबन स्वस्त आणि यार्डातल्या धुळीला दाद देत नाही.

४. वायर ओढा, वाय-फायवर हिशेब नको

दोन किंवा जास्त मशीन एकाच डेटावर चालणार असतील तर मधे गिगाबिट स्विच आणि कॅट ६ केबल. केबल शंभर मीटरच्या आत असली की झालं, आणि आपल्या दुकानात तेवढी लांबी होतच नाही. वाय-फाय मधेच क्षणभर तुटतं. व्हिडिओ बघताना ते कळतही नाही, पण एंट्री सेव्ह होत असताना तुटलं तर डेटा खराब होतो. हे मी दोनदा भोगलंय. दुसऱ्या वेळी तीन दिवसांची बिलं कागदावरून पुन्हा टाकली.

ज्या मशीनवर डेटा राहणार त्याला ठरलेला आयपी पत्ता (नेटवर्कवरचा न बदलणारा नंबर) द्या आणि त्याचं नाव कागदावर लिहून स्विचवर चिकटवा. ते मशीन दिवसभर चालू राहिलं पाहिजे, म्हणून ते मालकाच्या टेबलावर नको. मालक जेवायला जाताना बंद करून जातात. डेटाचं फोल्डर शेअर करताना "सगळ्यांना सगळे हक्क" देऊ नका. ज्यांना लागतं त्यांच्याच नावानं द्या.

५. टॅलीचं लायसन

इथं नव्यानं येणारे सर्वांत जास्त गोंधळतात. सिल्व्हर लायसन एका मशीनसाठी असतं, गोल्ड हे एकाच लॅनवरच्या (ऑफिसातल्या आपसात जोडलेल्या) अनेक मशीनसाठी. दोन मशीनना दोन सिल्व्हर घेऊन पेन ड्राइव्हवरून डेटा इकडून तिकडं नेणं म्हणजे दोन वह्या वेगवेगळ्या लिहिणं. महिनाअखेरीला कुठली खरी हे कोणीच सांगू शकत नाही.

एंट्री करताना फक्त महिन्याच्या पहिल्या, दुसऱ्या आणि ३१ तारखेलाच घेतंय, मधली तारीख घेतच नाही, असं दिसलं तर मशीन बिघडलेलं नाही. लायसन चालू झालेलं नाही आणि टॅली शिकण्याच्या मोडमध्ये उघडलंय. नेट जोडा, लायसन चालू करा.

आणि हे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: मशीन फॉरमॅट करण्याआधी लायसन परत करायचं असतं, त्याला सरेंडर म्हणतात. रिपेअरवाला हे विचारत नाही. मशीन चकाचक होऊन येतं आणि लायसन जुन्याच मांडणीत अडकून बसतं, मग फोनाफोनी. क्रॅक केलेल्या कॉपीबद्दल एवढंच सांगते की जीएसटीचे बदल आले की ती मागं पडते, आणि तिच्याबरोबर काय काय आत येतं ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

प्रत्येकाला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड द्या. कंपनी कायद्याखालच्या कंपनीला १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर सक्तीचं आहे. साध्या दुकानाला ती सक्ती नाही, पण दुसऱ्या मशीनवरून बिल कोणी खोडलं हे कळायला तेच उपयोगी पडतं.

६. सीमेवरचा खास सापळा: २७ आणि २९

पुण्यात किंवा हुबळीत शिकून आलेल्या अकाउंटंटलाही इथं सुरुवातीला चुका होतात, कारण आपलं गिऱ्हाईक रोज राज्याची हद्द ओलांडतं. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा. पहिले दोन आकडे राज्याचे. कर्नाटक २९, महाराष्ट्र २७, गोवा ३०. टॅलीत पार्टीचं खातं उघडताना आधी हे दोन आकडे बघा, मग पत्ता.

चंदगड तालुक्यातलं शिनोळी बेळगावातून हाकेच्या अंतरावर आहे, बोली एक, सोयरीक एक. पण शिनोळीच्या नोंदणीकृत पार्टीला माल पाठवला की तो आंतरराज्य व्यवहार, त्याला आयजीएसटी (राज्याबाहेरच्या विक्रीचा जीएसटी) लागतो. बेंगळुरू पाचशे किलोमीटर लांब, तरी तिथल्या पार्टीला सीजीएसटी आणि एसजीएसटी (राज्यातल्या विक्रीवरचा केंद्राचा आणि राज्याचा वाटा). नव्या माणसाला वाटतं, शिनोळी तर आपलीच, आणि तो खातं उघडताना राज्य 'कर्नाटक' ठेवून देतो. मग महिन्याची सगळी बिलं चुकतात. चुकीच्या प्रकारात भरलेला कर आपोआप योग्य प्रकारात वळत नाही: योग्य प्रकारात पुन्हा भरावा लागतो आणि आधीच्या रकमेचा परतावा मागावा लागतो. पैसे तेवढा काळ अडकतात. निपाणीचे तंबाखूवाले आणि उद्यमबागेतले कारखानदार यांच्या खात्यांत २७ आणि २९ शेजारी शेजारीच असतात. तिथं हे आधी तपासा.

ई-वे बिलाचंही (माल गाडीतून नेताना लागणारा ऑनलाइन कागद) तसंच. राज्याबाहेर जाणाऱ्या मालाची किंमत करासकट पन्नास हजारांवर गेली की बिल हवंच, गाडी दहा किलोमीटर जाणार असो की हजार. "कोगनोळी नाका ओलांडला की कागल, त्याला काय बिल?" हे वाक्य मी कितीदा ऐकलंय. राज्याच्या आतल्या मालालाही आपल्याकडं ई-वे बिल आहे. ते १ एप्रिल २०१८ पासून सर्वांत आधी लागू करणारं राज्य कर्नाटकच होतं.

नोंदणीत मोबाइल नंबर आणि मेल कोणाचा आहे तेही याच दिवशी बघा. जुन्या अकाउंटंटचा नंबर असेल तर तो सोडून गेल्यावर ओटीपी त्याच्याच फोनवर जातो, आणि वीस तारखेला, कर भरायच्या शेवटच्या दिवशी, तो उचलत नाही. नंबर मालकाचाच हवा.

७. नेट: कुठलं घ्यावं आणि पैसे कुठं गळतात

शहरात, टिळकवाडी-शहापूर-उद्यमबाग भागात फायबर मिळतं. मिळत असेल तर घ्या आणि फार डोकं लावू नका. फक्त योजनेत किती जीबीनंतर वेग कमी होतो ते विचारा. "अनलिमिटेड" या शब्दाला आमच्याकडं मिसळीबरोबर मिळणाऱ्या रश्श्याएवढाच अर्थ आहे: मिळतो, पण कितीदा मागाल यावर.

खानापूरच्या जंगलाकडं किंवा आडगावी बसलेल्यांना मोबाइल डेटावरच भागवावं लागतं. त्यांच्यासाठी मालकाच्या फोनचा हॉटस्पॉट हा सगळ्यांत वाईट उपाय. मालक बाहेर गेला की ऑफिस बंद. त्यापेक्षा सिम बसणारा राउटर आणि त्यात वेगळं सिम ठेवा, म्हणजे ऑफिसचा खर्च किती ते कळतं.

आता तो दुपारी बाराला संपणारा दीड जीबी. टॅलीला एंट्री करायला नेट लागतच नाही. एका महिन्याची विक्रीची जीएसटी फाइल छोट्या दुकानाची काही केबी ते एखाद-दोन एमबी होते. म्हणजे हिशेबानं नेट खाल्लेलं नसतं. खाणारे दुसरेच असतात:

विंडोजचे अपडेट. एकेक काही शे एमबीचा, आणि चार मशीन असतील तर चारदा उतरतो. सेटिंगमध्ये नेटवर्कवर जाऊन प्रत्येक मशीनला 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. केबलच्या जोडणीलाही हे करता येतं. मग मोठे अपडेट आपणहून उतरत नाहीत. त्याच सेटिंगमध्ये डेटा वापराची मर्यादाही घालता येते. 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' मध्ये फक्त स्थानिक नेटवर्कवरच्या मशीनकडून घेणं चालू ठेवा: एकानं उतरवलेलं दुसऱ्याला लॅनवरून मिळतं. मात्र अपडेट कायमचे बंद करू नका. महिन्यातून एकदा, रात्रीच्या स्वस्त डेटावर किंवा कोणाच्या तरी फायबरवर मशीन नेऊन करून घ्या.

वनड्राइव्ह आणि फोटोंची सिंक. नवीन मशीनवर ती आपोआप चालू असते आणि डेस्कटॉपवरचं सगळं वर चढवत राहते. बंद करा.

व्हॉट्सअ‍ॅप. बिलं त्यावरच येतात म्हणून ते हवंच, पण फोटो-व्हिडिओ आपणहून उतरणं बंद करा. गणपतीच्या दिवसांत एका ग्रुपवर आलेल्या आरत्यांनी आमचा त्या दिवसाचा सगळा डेटा गिळला होता.

आणि वाय-फायचा पासवर्ड. शेजारच्या दुकानातला पोरगा "काका, जरा" म्हणून मागतो. राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क करा किंवा सरळ नाही म्हणा. मी नाही म्हणते.

८. नेट लावायची वेळ ठरवा

माझ्याकडं अजून भिंतीवर कागद आहे. सकाळी अकराला मेल आणि बँकेचं स्टेटमेंट, पंधरा मिनिटं. दुपारी गाडी सुटायच्या आधी ई-वे बिलं, एकदम. संध्याकाळी पाचला पुन्हा मेल. मधल्या वेळी हिशेबाच्या मशीनचं नेट बंदच.

महिन्याला विक्रीचं विवरण ११ तारखेपर्यंत, खरेदीचा कराचा तपशील पोर्टलवर १४ ला तयार होतो, आणि कर भरायचं विवरण २० पर्यंत. तिमाही पद्धत घेतली असेल तर आपल्या राज्याला २२. मी विक्रीची फाइल टॅलीतून आधीच काढून ठेवते, पोर्टलवर जाते, चढवते, तपासते, बाहेर. वीस तारखेला संध्याकाळी सगळा देश त्याच दारात उभा असतो. चक्र फिरत राहतं आणि तुमचा डेटा फुकट जातो. सतरा-अठराला उरकून टाका. सकाळी आठच्या आत बसलात तर आणखी चांगलं.

९. बॅकअप

रोज संध्याकाळी दोन ठिकाणी: लॅनवरच्या दुसऱ्या मशीनवर आणि पेन ड्राइव्हवर. पेन ड्राइव्ह दोन ठेवा, सम तारखेचा एक आणि विषम तारखेचा एक, आणि त्यातला एक रोज कोणाच्या तरी घरी गेला पाहिजे. आग लागली किंवा पाणी शिरलं तर टेबलाच्या खणातला पेन ड्राइव्ह टेबलाबरोबरच जातो. नेटवर बॅकअप ठेवायचा असेल तर आठवड्यातून एकदा, फाइल आवळून, रात्री. डिजिटल सहीचं टोकन या पेन ड्राइव्हबरोबर ठेवू नका; दिसायला सारखं असतं आणि चुकून फॉरमॅटला जातं.

महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. शेवटचं बिल आणि बँकेची शिल्लक जुळली तर ठीक. जीएसटीच्या वह्या वार्षिक विवरणाच्या तारखेपासून बहात्तर महिने जपायच्या असतात, तेव्हा दरवर्षीचा शेवटचा बॅकअप वेगळा, नाव-साल टाकून.

१०. सुरुवात कधी करावी

वर्ष १ एप्रिलला सुरू होतं; त्या दिवसापासून टॅलीत जाणं सर्वांत सोपं. दिवाळीच्या पाडव्याला सुरुवात करायची म्हणून थांबलात तर एप्रिलपासूनच्या सगळ्या एंट्री मागून टाकाव्या लागतात. मुहूर्तच करायचा तर पाडव्याला एक एंट्री करा आणि बाकी आधीच झालेलं असू द्या.

लक्ष्मीपूजनाला मशीनची पूजा होणारच, होऊ दे. फक्त हळदकुंकू कीबोर्डवर टाकू नका, ते बटणांखाली जाऊन बसतं. मॉनिटरच्या कडेला एक बोट लावा, फूल यूपीएसच्या जाळीवर नको, आणि नारळ शक्यतो दाराबाहेर फोडा.